फरशी वजा करून

माझ्या ताईच्या लेखी जगात माणसं तीनच प्रकारची आहेत: वाढत असलेली, वाढून झालेली आणि वाढायला हवी असून न वाढणारी. पहिल्या प्रकारावर तिचा जीव आहे. तिसऱ्यासाठी ती जिवाचं रान करते. आणि दुसऱ्यात मोडणाऱ्या आम्हा बापड्यांकडे ती पाणी पिऊन झालेल्या शहाळ्याकडे बघावं तशी बघते. उद्या एखादा मंत्री तिच्या दारात आला तरी ती नमस्कार करून आधी विचारेल, ‘घरात दहा ते एकोणीसमधलं कुणी आहे का?’ नाही म्हणाला तर त्याला चहा मिळेल. गप्पा मिळायच्या नाहीत.

ताई माझी चुलत बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. छत्तीस वर्षं तिने सरकारी इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर थळला मुलाने बांधलेल्या घरात राहायला गेली. निवृत्त झाली हे आपलं म्हणायचं. वॉर्ड सुटला, नजर सुटली नाही. बारशाला गेली तर बाकीच्या बायका पाळण्याभोवती आणि ही ओटीच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं तरी तेरा वर्षांचं पोर कानात मोबाईलची बोंडं कोंबून, तोंड पाडून बसलेलं असतं, त्याच्या शेजारी. एकदा यजमानीणबाईंनी जरा रागानेच विचारलं, ‘ताई, बाळाला नाही का बघणार?’ तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, पाळण्यात डोकावायला शंभर जणं आहेत. तेराव्या वर्षी पोर परत एकदा जन्माला येतं, तेव्हा बारसं राहू दे, कुणी धड पाणीसुद्धा विचारत नाही.’ यजमानीणबाईंचाच मुलगा होता तो. त्या दिवशी त्याला जिलेबीची दुसरी वाटी मिळाली.

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, ताई पायांकडे बघते. ‘आधी पाऊल वाढतं, मग तंगड्या, मग धड. अक्कल सगळ्यात शेवटी,’ हा तिचा सिद्धान्त, आणि शेवटचं वाक्य बोलताना तिची नजर हमखास माझ्यावर येऊन थांबते. श्रीवर्धनला आमच्या नात्यातलं लग्न होतं, तेव्हा ही मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगाशीच उभी. एक भलीमोठी सँडल चिमटीत धरून म्हणाली, ‘ही कुणाची रे? पुढच्या दिवाळीत हा बापाच्या डोक्यावरून समुद्र बघणार.’ सँडल होती आमच्या भाच्याची, तेव्हा तो चार फूट काहीतरी होता आणि त्याला सगळे टिल्लू म्हणत. त्याच लग्नात या टिल्लूने मंगलाष्टक म्हणायला घेतलं. पहिली ओळ बासरीसारखी आली आणि ‘सावधान’ला एकदम समुद्रात बोट सुरू व्हावी तसा आवाज निघाला. मांडव फुटेस्तोवर हसला. पोर अक्षतांच्या ताटात डोकं घालायच्या बेतात. आणि त्या हशातून ताईचा खणखणीत आवाज, ‘आला! अरे, आला! वेळेवर आला!’ जणू काही नवरदेवच आता आला. मग तिने हसणाऱ्या एकेका काकाला हात धरून विचारलं, त्याचा आवाज फुटला तेव्हा कोण कोण हसलं होतं आणि त्याला कसं वाटलं होतं. जेवणाच्या पंगतीपर्यंत तीन काका गंभीर झालेले मी डोळ्यांनी बघितले आहेत. भाचा पुढच्या दिवाळीत खरोखरच बापाच्या डोक्यावरून समुद्र बघायला लागला.

थळला तिच्या ओसरीवर सकाळी कोळणींची ये-जा असते. मासळीची टोपली खाली ठेवून एकीने तक्रार मांडली होती, ‘ताई, माजा पोर सकालचा उटतच न्हाय. बाप बोंबलतंय, पान्यात घालतो बोलतंय. काय तरी द्या त्याला.’ ताईने पोराचं वय विचारलं. पंधरा. ‘त्याला काही द्यायचं नाही,’ ती म्हणाली, ‘बापाला द्यायला हवं. या वयात झोपच उशिरा येते, बाई. पोर आळशी नाही, त्याचं घड्याळ सरकलंय. मोबाईल तेवढा जेवणानंतर तुझ्या टोपलीखाली ठेव.’ कोळीण म्हणाली, ‘टोपलीखाली मोबाईल ठेवला तर मावरं फोन उचलंल वो.’ पण ठेवला म्हणे. मधूनमधून ताईकडे सुक्या बोंबलांची जुडी येते ती त्या घरून.

ताईची खरी कर्मभूमी मात्र आमच्या श्रीवर्धनच्या घरातली कोठीच्या खोलीची चौकट. चांगली फणसाच्या लाकडाची आहे. घरातल्या प्रत्येक मुलाच्या उंचीच्या रेघा तिच्यावर आहेत, आणि त्या मारायचा विधी सत्यनारायणाहून कडक. सकाळीच मापायचं, चहाच्या आधी. कारण माणूस दिवसभरात दबतो आणि संध्याकाळी खोटी उंची दाखवतो. अनवाणी. मुलींनी केस सोडून. टाचा, ढुंगण, पाठ, डोकं चौकटीला टेकलेलं, नजर समोरच्या कॅलेंडरातल्या देवाच्या नाकावर. मग ताई सुताराचा गुण्या डोक्यावर काटकोनात टेकवणार, टोकदार पेन्सिलीने रेघ मारणार आणि तारीख घालणार. चौकटीवरून आकडा वहीत जाणार आणि वहीत त्याचा आलेख होणार. ‘उंची काय, कुणाचीही बघावी,’ ती म्हणते. ‘मी वेग बघते. बुटकं पोर वेगात असेल तर मला झोप लागते. उंच पोर थांबलं तर लागत नाही.’

या चौकटीवरच्या जुन्या रेघांत एकच रेघ ताईच्या हातची नाही. ती तिची स्वतःची. ती एकोणीस वर्षांची असताना, नर्सिंगच्या शिक्षणाला निघाली त्या सकाळी, तिने मला स्टुलावर चढवलं, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली, ‘माझी मार.’ मी सात वर्षांचा होतो. रेघ डावीकडे जरा चढली. ती अजून तशीच आहे, तिरकी. ‘तुझ्या आयुष्यातलं पहिलं शास्त्रीय काम,’ ताई म्हणते, ‘आणि बहुतेक शेवटचं.’

पण उंची हा विधीचा पूर्वरंग. मुख्य कार्यक्रम त्यानंतर. रेघ मारून झाली की ताई मुलाला कोठीच्या खोलीत घेते, आमच्याकडे वळते आणि फक्त दोन शब्द उच्चारते, ‘पालक बाहेर.’ बायको म्हणायची, ‘अहो ताई, मी आईच आहे तिची.’ ‘म्हणूनच,’ ताई म्हणायची आणि दार लावायची. आत काय चालतं ते मला अधिकृतपणे माहीत आहे, कारण तेराव्या वर्षी मीही त्या खोलीत तांदळाच्या कणगीला टेकून बसलो होतो. आधी ती स्पष्ट सांगते: ‘तुझ्या जिवाला धोका असेल असं काही असलं तर मी मोठ्यांना सांगणार, आणि सांगण्याआधी तुला सांगणार. बाकी सगळं माझ्या पोटात.’ मग विचारते. घरात कसं वाटतं? शाळेत डबा कुणाबरोबर खातोस? शेवटचं पोट धरून कधी हसलास? मार्कांचं चुकूनसुद्धा विचारत नाही. मी बराच वेळ कणगीला टेकून पायाने जमीन उकरत होतो आणि मग एकदम रडायलाच लागलो. माझ्या छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती, दुखत होती, आणि मी दोन महिन्यांपासून मरणाची तयारी करत होतो. माझी सायकल कुणाला द्यायची तेही ठरलं होतं. ताईने बघितलं आणि म्हणाली, ‘निम्म्या मुलांना येते ही. वयात येताना येते, वर्ष-दोन वर्षांत जाते. तुझ्या वर्गातले अर्धे लोक या क्षणी सायकली वाटत असतील.’ त्यानंतर माझी उंची वाढली की नाही आठवत नाही, पण मी त्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा चौकट मला ठेंगणी वाटली होती.

असा तिचा उपकार डोक्यावर असलेल्या माणसाकडून पुढे जे झालं ते व्हायला नको होतं. पण झालं, आणि माझ्याच घरात, माझ्याच हातून झालं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. सव्वीस वर्षं मी फळ्यासमोर उभा राहून सांगत आलो आहे की, मुलांनो, कुठल्याही डोंगराची उंची सांगताना ती कुठून मोजली हे आधी विचारा. समुद्रसपाटी हा पाया. वर्गात सत्तर-ऐंशी मुलं असतात, सगळी नेमकी ताईच्या आवडत्या वयाची. घरी एक मुलगी, सई. ती तेराव्यात असताना ताईला वर्षभरासाठी बंगळुरूला जावं लागलं, सुनेच्या बाळंतपणासाठी. जाताना ती मला वही आणि गुण्या देऊन गेली, आणि मला माझ्यावर राज्याची जबाबदारी आल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी आम्ही घरात नवी फरशी घातली. जुना कोबा होता, जागोजागी फुगलेला. गवंडी म्हणाला, ‘कोबा कशाला फोडताव सर? हाय तसा ऱ्हाऊ द्या, वरच बसवतो.’ मला बरंच वाटलं. फरशी झाल्यावर कोठीच्या खोलीचं दार अडकायला लागलं, सुतार बोलावून त्याचं बूड तासून घेतलं. दार वर आलेल्या जमिनीवर घासतं आहे, हे त्या दाराला कळलं, सुताराला कळलं. भूगोलाचा शिक्षक चहा घेत उभा होता.

पुढच्या दिवाळीत मी विधिपूर्वक सईला मापलं. सकाळी, चहाच्या आधी, देवाच्या नाकाकडे बघायला लावून. रेघ गेल्या वर्षीपेक्षा दीड इंच वर. लगेच बंगळुरूला फोन लावला.

‘अनवाणी मापलीस ना?’

‘हो.’

‘गुण्या लावलास? की आपलं पंचांग टेकवलंस?’

‘गुण्या गं बाई.’

‘दीड इंच,’ ती म्हणाली. ‘या वयाला थोडंसं कमीच आहे. पण ठीक आहे. वाढतेय ना, बास.’

तिने सगळं विचारलं. फरशीचं तिला माहीत नव्हतं आणि मला सुचलं नाही.

त्या वर्षात सई हळूहळू बदलत होती. सकाळी उठवेना, जिना चढून दमायची, एक उतारा लिहायला तासभर घ्यायची. गालांवर सूज असल्यासारखं गुबगुबीत झालं होतं, केस विंचरले की फणीत राहायचे. मी म्हणायचो, आळस. मोबाईल. वय. ताईचंच ऐकून ऐकून ‘वय’ हा शब्द मी फार शिकल्यासारखा वापरायचो. आणि मला एक विनोद सुचला होता. मी तिला गोगलगाय म्हणायचो. ‘गोगलगाय, जेवायला चला. संध्याकाळपर्यंत पोचाल.’ सुरुवातीला ती हसायची. मग नुसतीच बघायची. मग तेही बंद झालं, आणि मी समजलो की विनोद जुना झाला.

ताई परत आली ती चैत्रात. अंगणात सुपारी पसरलेली, घामाने माझा शर्ट अंगाला चिकटलेला, आणि ओटीवर सई गोधडी पांघरून बसलेली. ताई फाटकातच थांबली. पिशवी खाली ठेवलीच नाही.

‘ही गोधडी का घेऊन बसलीय?’

‘आत मोबाईल असतो,’ मी हसत म्हणालो. ‘आमची गोगलगाय आहे ती, शंखाशिवाय चालत नाही.’

ताई हसली नाही. सईजवळ गेली, तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. तो हात एवढ्या उन्हाळ्यात गार होता. मग तिने सईच्या ड्रेसचं खालचं टोक उचललं. तो ड्रेस ताईनेच शिवलेला होता, बंगळुरूला जायच्या आधी. वाढत्या मुलीचा कुठलाही ड्रेस ताई चार बोटं दुमड ठेवून शिवते. मुलगी वाढली की दुमड उसवायची.

‘ही उसवली का नाही?’ तिने माझ्या बायकोला विचारलं.

‘गरजच नाही पडली, ताई.’

‘दीड इंच वाढली आणि गरज नाही पडली?’

‘बघ ना चौकटीवर,’ मी म्हणालो. मला जरा रागच आला होता. ‘चौकट काय खोटं बोलते?’

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, ताईने स्वतः गुण्या हातात घेतला. सई उभी राहिली. रेघ माझ्या रेघेवरच आली. म्हणजे दीड इंच खरंच. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. ताई तिथेच उभी, गुण्या हातात, कपाळाला आठी. चौकटीकडे बघते, सईच्या सलवारीकडे बघते. मग एकदम मला म्हणाली, ‘तू उभा राहा.’

‘मी? माझं काय आता?’

‘उभा राहा. चपला काढ.’

माझ्या लग्नाच्या वर्षी तिने मारलेली रेघ चौकटीवर होती. मी देवाच्या नाकाकडे बघत उभा राहिलो. गुण्या डोक्यावर टेकला. मागे पेन्सिल करकरली. मग तिने माझ्या बायकोला उभं केलं. तिचीही रेघ होती, लग्नानंतरच्या वर्षाची.

‘अभिनंदन,’ ताई म्हणाली. ‘बावन्नाव्या वर्षी तू सव्वा इंच वाढलायस. तुझी बायकोही सव्वा इंच वाढलीय. तुमच्या घरात सगळेच वयात आलेत.’

मला खरंच क्षणभर बरं वाटलं. आणि मग कालपासून सईवरून न हललेली ताईची नजर चौकटीवरून खाली उतरायला लागली. माझ्या गुडघ्यांवरून, पावलांवरून, त्या चकचकीत, पांढऱ्या, मी निवडलेल्या फरशीवर.

‘ही कधी घातलीस?’

मी वर्ष सांगितलं. सांगता सांगताच माझा आवाज, त्या भाच्याचा मंगलाष्टकात गेला होता, तसा गेला. दीड इंचातून सव्वा इंच गेला की काय उरतं, हे कुणी फळ्यावर मांडायची गरज नव्हती. पोर वर्षभरात पाव इंच वाढली होती. बाकी सगळी फरशी वाढली होती.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सईच्या पाठीवर हात ठेवला, तिला कोठीच्या खोलीत घेतलं, आमच्याकडे वळली आणि नेहमीचे दोन शब्द नेहमीपेक्षा हळू म्हणाली. दार लागलं. दाराच्या तासलेल्या बुडाखाली फट होती, तिला आतून गोणपाट सरकवल्याचा आवाज आला.

मी अंगणात गेलो. सुपाऱ्या पसरलेल्या होत्या त्या पायाने नीट केल्या. पुन्हा ओटीवर आलो.

‘कान देऊ नका,’ बायको म्हणाली.

‘मी सुपाऱ्या बघतोय.’

‘सुपाऱ्या अंगणात आहेत. तुम्ही दाराशी आहात.’

मग तीही माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. पाऊण तास. आतून एक शब्द ऐकू आला नाही. एकदा फक्त सईचं रडणं आलं आणि त्यानंतर, कसं ते देव जाणे, तिचं हसणं.

ताई बाहेर आली ती वही घेऊन. आमच्यासमोर तिने आलेख उघडला. सईची मागच्या सात वर्षांची रेघ सुपारीच्या झाडासारखी सरळ वर गेलेली होती. ताईने माझा शेवटचा ठिपका खोडला आणि खरा ठिपका दिला. रेघ आडवी झाली.

‘उद्या पहिल्या गाडीने लहान मुलांच्या डॉक्टरांकडे. थायरॉइडचं रक्त आधी तपासा म्हणावं. आजाराला नाव ठेवायचं काम त्यांचं, माझं काम बघायचं. ते मी वर्षभर केलं नाही.’

‘पण ताई,’ मी म्हणालो, कारण माणूस बुडताना काहीही धरतो, ‘आपल्या घराण्यात सगळे उशिराच वाढतात. मीसुद्धा...’

‘तू उशिरा वाढलास. पण वाढत होतास, दर वर्षी. माझ्याकडे लिहिलेलं आहे. ही थांबलीय. उशीर वेगळा आणि थांबणं वेगळं.’ तिने वही मिटली. ‘हाडांची टोकं एकदा मिटली की जगातला कुठलाही डॉक्टर ती उघडून देत नाही. अजून मिटायची असतील, असा माझा अंदाज आहे. हा वेळ तुझ्या उद्या-परवात घालवायचा नाही.’

मी मान हलवली. ती पायरी उतरता उतरता थांबली.

‘आणि ते नाव. उद्यापासून नाही, आत्तापासून बंद.’

कुठलं नाव, ते मी विचारलं नाही. आत सईने आणखी काय सांगितलं, ते मला आजतागायत माहीत नाही. ताईच्या पोटात आहे, आणि ते पोट मी तेराव्या वर्षापासून ओळखतो.

थायरॉइडच निघाला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, हाडांचा फोटो बघितला आणि म्हणाले, वेळ आहे, भरून निघेल बरंचसं. रोज सकाळी उपाशीपोटी एक एवढीशी पांढरी गोळी. ती पहिल्यांदा तळहातावर घेतली तेव्हा माझा विश्वासच बसेना की वर्षभर मी ज्याला आळस, मोबाईल आणि वय अशी मोठमोठी नावं देत होतो, ते सगळं या एका दाण्याएवढं होतं. काही आठवड्यांत गोधडी पेटीत गेली. पावसाळ्यात ती पहिल्यांदा माझ्याआधी उठली आणि मला हाक मारली, ‘बाबा, उठा. गोगलगाय कोण आहे या घरात?’ मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. झोप आली होती म्हणून नव्हे.

दिवाळीला बायकोने त्या ड्रेसची दुमड उसवली. उसवल्यावर कापडावर जुन्या टाक्यांची रेघ राहते ना, ती राहिली होती. त्या रेघेवरून बोट फिरवत ती कितीतरी वेळ बसली होती.

ताईने चौकटीवरची माझी रेघ खोडली नाही. ‘राहू दे, पुढच्यांना कळेल,’ म्हणाली. तिच्या शेजारी तिने बारीक अक्षरात लिहिलं, ‘फरशी वजा करून वाचावी.’ त्यानंतरच्या प्रत्येक रेघेजवळ तेच दोन शब्द असतात: फरशी वजा. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगतो. वर्गातसुद्धा सांगतो, समुद्रसपाटीच्या धड्याला. मुलं हसतात, आणि हसणाऱ्यांत एखादं हसत नसेल तर हल्ली मी ते कोण आहे ते बघून ठेवतो.

सई आता सोळाची आहे. बायकोच्या कानाच्या वर गेली आहे. गुण्या आता तिच्याकडे असतो, भाचवंडं आली की तीच मापते, ताई खुर्चीवर बसून नुसती हुकूम सोडते. ताई सहासष्टची झाली. गुडघे बोलतात, पाठ जरा पुढे आली आहे, आणि एस.टी.तून उतरताना हल्ली ती माझा हात धरते आणि मी धरायला गेलो की झिडकारते, दोन्ही एकाच वेळी.

या मे महिन्यात सगळ्यांचं मापून झाल्यावर सई म्हणाली, ‘आत्या, आता तू.’

‘मी कशाला? मी वाढून झालेली.’

‘चपला काढ. टाचा टेकव.’

‘अगं, चहा...’

‘चहा नंतर. केस सोड. देवाच्या नाकाकडे बघ.’

आणि काय आश्चर्य, आम्हा सगळ्यांना आयुष्यभर उभं करणारी ताई निमूट उठली, अंबाडा सोडला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. ते केस एवढे पांढरे आणि एवढे थोडे झाले आहेत, हे अंबाड्यात मला कधी दिसलं नव्हतं. सईने गुण्या टेकवला. पेन्सिल लावणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. गुण्याखाली एक जुनी रेघ होती. डावीकडे चढलेली. तिरकी.

‘आत्या!’ सई म्हणाली. ‘एकोणीस वर्षांच्या रेघेवर. एका सुताचाही फरक नाही!’

ताईचा चेहरा कसा झाला, काय सांगू. देवाच्या नाकाकडे बघत, हनुवटी वर, ती चक्क लाजली.

मी मात्र आता शहाणा झालेलो आहे. माझी नजर आपसूक खाली गेली, चकचकीत पांढऱ्या फरशीवर, आणि पायापासून मोजायचं हे मला आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुचलं. सव्वा इंच. ताईच्या तीन प्रकारांपलीकडे चौथा एक प्रकार होता, कमी होत चाललेली, आणि तो ताईने कुणाला कधी सांगितला नव्हता. मी तोंड उघडलं.

‘अगं, पण सई, ती फर...’

‘बाबा,’ सई मान न वळवता म्हणाली. ‘पालक बाहेर.’

मी ओटीवर आलो. समोर वाडीत सुपारीची झाडं वाऱ्यावर एकाच बाजूला झुकत होती. मग आतून पेन्सिलीचा आवाज आला, आणि त्यामागून ताईचा.

‘तारीख घाल. आणि आजच्या दिवस ते फरशीचं लिहू नकोस.’